बँडसॉ सरळ चालत नाही: ब्लेड बदलू की आधी मशीन लावून घेऊ?

कोवळी_फांदी

नमस्कार मंडळी,

तीन महिन्यांपूर्वी १४ इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या अखंड पट्टीची करवत, चाकं १४ इंची) घेतला. ओतीव लोखंडाची चौकट, वरखाली दोन चाकं, ६ इंच उंचीपर्यंतचं लाकूड मावतं. त्याआधी माझं सगळं काम हातकरवत आणि जिगसॉवर चालायचं. मशीन घेताना दोन कामं डोक्यात होती. एक, ६ इंची फळी कडेवर उभी धरून मधोमध चिरायची आणि तिच्यातून दोन पातळ फळ्या काढायच्या (पेट्यांची झाकणं, ड्रॉवरच्या बाजू यांसाठी). दुसरं, खेळण्यांचे आणि खुर्चीच्या पाठीचे वळणदार भाग कापायचे.

वळणं जमतात. उभं चिरणं मात्र तीन महिन्यांत एकदाही धड झालेलं नाही. ब्लेड फेन्सपासून (लाकूड सरळ सरकावं म्हणून टेबलावर बसवलेली आधारपट्टी) हळूहळू दूर जातं. कापलेली बाजू बघितली तर वरची कड रेघेवर, खालची कड रेघेवर आणि मधला भाग ३-४ मिमी फुगलेला. जोर लावून ढकललं की जळका वास येतो.

आधी ताण वाढवून पाहिला, अगदी स्प्रिंग पूर्ण दाबली जाईपर्यंत. फरक पडला नाही. मग रुंद ब्लेड सरळ चालतं असं वाचलं म्हणून ६ सुती, म्हणजे पाऊण इंची ब्लेड आणलं. त्याने तर आणखी बिघडलं. मशीनबरोबर आलेलं ब्लेड ३ सुती आहे. त्याचे दात मोजले, इंचाला १० भरले.

मशीनच सदोष आहे का? की माझं काही चुकतंय? लाकूड चांगलं आहे आणि ते वाया जाताना बघवत नाही, म्हणून विचारतोय.

जुना_रंधा

दात मोजून सांगितलेत हे फार बरं केलंत. निम्मं उत्तर त्या १० मध्येच आहे.

६ इंच उंच लाकडात इंचाला १० दात म्हणजे एका वेळी ६० दात लाकडात. प्रत्येक दाताने काढलेला भुसा त्याच्या पुढच्या खाचेत साठतो आणि दात फळीखालून बाहेर पडेपर्यंत तिथेच राहतो. इतक्या बारीक दातांची खाच इवलीशी असते, अर्ध्या वाटेतच गच्च भरते. त्यानंतर दात लाकडाला पोचतच नाही, आपल्याच भुशावर घासत राहतो. जळका वास तिथून येतो. आपल्याला वाटतं मशीन अडतंय, म्हणून आपण आणखी जोर लावतो. मग ब्लेड मागे दबतं. आणि दबलेली पट्टी सरळ मागे जात नाही, पीळ खाऊन बाजूला पळते. वर आणि खाली तिला गाइडनी (ब्लेडला बाजूंनी आणि मागून आधार देणाऱ्या भागांनी) धरलेलं असतं, म्हणून ती मधोमध फुगते. तुमची फुगीर फळी म्हणजे याचाच ठसा आहे.

माझा ठोकताळा असा: लाकडात एका वेळी किमान ३ दात हवेत, २४ च्या वर जाऊ नयेत, आणि ६ ते १२ असले तर काम सुरेख होतं. ६ इंच उंचीला इंचाला ३ दातांचं ब्लेड लावलं की १८ दात होतात, चालतं. तेच ३ दाती ब्लेड १८ मिमीच्या फळीला लावलं तर जेमतेम दोन दात लाकडात राहतील आणि फळी थडथड उडेल. तिथे ६ ते १० दाती हवं. ६ मिमीच्या प्लायला १४ दाती.

उभं चिरायला तुम्ही ४ सुती, इंचाला ३ दात, हूक दाताचं ब्लेड घ्या. हूक म्हणजे दात पुढे साधारण १० अंश झुकलेला आणि खाच खोल, गोलसर. तो लाकडात स्वतःहून शिरतो, आपल्याला ढकलावं लागत नाही. साध्या दाताला असा झुकाव नसतो. पृष्ठभाग नितळ येतो, पण वेग कमी. तिसरा प्रकार स्किप, म्हणजे झुकाव नाही पण एकाआड एक दात गाळल्यासारखी मोकळी जागा. मऊ, राळ असलेल्या लाकडाला तो बरा, कारण चिकट भुसा खाचेत तुंबत नाही.

मशीनला दोष देण्याआधी एवढं एक ब्लेड बदला.

काटकोन

ब्लेडच्या बाबतीत जुना_रंधा यांच्याशी पूर्ण सहमत. त्या ६ सुती ब्लेडने आणखी का बिघडलं ते आकड्यांत सांगतो. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी मशीनची चौकट वाकते.

ब्लेड सरळ राहतं ते ताणामुळे. कार्बन स्टीलच्या ब्लेडला दर चौरस इंचाला १५ ते २० हजार पौंड एवढा ताण द्यावा असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, बायमेटलला (दोन धातू जोडून केलेल्या ब्लेडला) २५ ते ३० हजार. आता ४ सुती ब्लेड घ्या, जाडी ०.०२५ इंच. छेद झाला ०.०१२५ चौरस इंच (दातांच्या खाचा वजा केलेल्या नाहीत). २० हजाराने गुणलं तर २५० पौंड. ब्लेडच्या दोन बाजू असतात, म्हणून वरच्या चाकावर ओढ पडते ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. १४ इंची ओतीव चौकट हे पेलते.

६ सुती ब्लेड बऱ्याचदा ०.०३२ इंच जाड असतं. ते बायमेटल असेल आणि २५ हजाराचा ताण द्यायचा म्हटलं तर चाकावरची ओढ १२०० पौंडांवर जाते, साडेपाचशे किलोच्या घरात. तुमची स्प्रिंग तिथपर्यंत पोचतच नाही. मग ब्लेड रुंद असूनही सैलच राहतं, आणि सैल रुंद ब्लेडपेक्षा नीट ताणलेलं अरुंद ब्लेड कितीतरी सरळ चालतं. चौकटीवर "पाऊण इंचापर्यंत" असं छापलेलं असतं त्याचा अर्थ ते ब्लेड चाकावर बसतं इतकाच.

दुसरं म्हणजे वाकण्याचा ताण. ०.०२५ इंची पट्टी १४ इंची चाकावर वाकते तेव्हा तिच्या बाहेरच्या पृष्ठावर पन्नास हजारांहून जास्त ताण येतो, म्हणजे आपण स्क्रू फिरवून देतो त्याच्या अडीच पट. मिनिटाला ३००० फूट वेग आणि साडेत्र्याण्णव इंच लांबी धरली तर ब्लेडचा प्रत्येक बिंदू मिनिटाला साडेसातशेहून जास्त वेळा वाकतो आणि सरळ होतो. जाडी वाढली की हे त्याच प्रमाणात वाढतं. जाड ब्लेड लहान चाकावर दात शाबूत असतानाच जोडाशी किंवा खाचेच्या तळाशी तडकतं ते यामुळेच. म्हणून ९-१० इंची छोट्या मशीनला ०.०१४ इंचाच्या आसपासची पातळ ब्लेडं लावायची.

कोवळी_फांदी

दोघांचेही मनापासून आभार. भुसा साठतो हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. ४ सुती, ३ दाती, हूक, कार्बन स्टीलचं ब्लेड मागवलं.

ते आलं की मशीन पहिल्यापासून लावून घ्यायचंय. माझ्या पुस्तिकेत सगळ्या पायऱ्या आहेत, पण कशाच्या आधी काय करायचं ते कळत नाही. आतापर्यंत मी नुसतं जुनं काढून नवीन चढवत होतो आणि वरचा नॉब फिरवत होतो. कुणी क्रम सांगेल का?

जुना_रंधा

सांगतो. जरा लांबेल, पण यातली एक पायरी पुढेमागे झाली तरी बाकीची मेहनत फुकट जाते.

प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, गुंडाळलेलं ब्लेड सुटताना उसळतं. (मशीन चालू करताना मात्र हातमोजे काढून ठेवायचे, विसरू नका.)

ताण सोडा आणि वरचे, टेबलाखालचे, दोन्हीकडचे साइड गाइड आणि मागची बेअरिंग पूर्ण मागे सारा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. गाइड जागच्या जागी ठेवून ब्लेड चढवलं तर ते गाइड ढकलतील तिथे बसतं, चाक नेईल तिथे बसत नाही, आणि पुढची सगळी मापं त्या चुकीवर उभी राहतात.

ब्लेड उतरलंच आहे तर चाकांवरचे रबरी टायर बोटाने चाचपून घ्या. चिकटून बसलेला भुसा आणि राळ काढा. भेग किंवा खोल चर दिसला तर टायर बदलायला झालाय.

नवीन ब्लेड चढवा. टेबलाशी दात तुमच्याकडे आणि खाली तोंड करून हवेत. कुठल्याही बाजूने लावलं तरी दात वरच बघत असतील तर ब्लेड गुंडाळताना उलटं झालंय. दोन्ही हातांनी पिळून आतली बाजू बाहेर काढा, सरळ होतं.

थोडासा ताण द्या, ब्लेड चाकावरून घसरणार नाही इतकाच. वरचं चाक हाताने फिरवत ट्रॅकिंगचा नॉब (ब्लेड चाकावर कुठे धावेल ते ठरवणारा) हलकेच वळवा आणि ब्लेड टायरच्या मधोमध आणा. आता पूर्ण ताण द्या. ताण वाढला की चौकट किंचित वाकते आणि ब्लेडची जागा पुन्हा सरकते, म्हणून ट्रॅकिंग पुन्हा बघा. हाताने दहाबारा फेरे झाल्यावरही ब्लेड जागचं हललं नाही तर दारं बंद करून क्षणभर वीज द्या. तरीही जागेवरच राहिलं तर ट्रॅकिंग जमलं. प्लग पुन्हा काढा.

मग टेबल. गुण्या ब्लेडच्या अंगाला टेकवा, दाताला नको. दात बाजूला वाकवलेले असल्याने गुण्या फसवतो. काटकोन जुळल्यावर खातरजमा अशी करा: एका ठोकळ्याला छोटी चीर पाडा, मशीन बंद करा, ठोकळा उलथा करून ब्लेडच्या पाठीमागून ती चीर ब्लेडवर सरकवा. सहज गेली तर टेबल बरोबर. अडकली तर जितकी अडकली त्याच्या निम्मी चूक आहे.

गाइड सगळ्यात शेवटी. साइड गाइडची पुढची कड दातांच्या खाचेच्या जरा मागे ठेवा. गाइड दातांवर आला तर दातांचा सेट, म्हणजे ते डावी-उजवीकडे वाकवलेले असतात ते, दोन मिनिटांत सपाट होईल आणि ब्लेड कायमचं गेलं. दोन्ही बाजूंना कागदाच्या जाडीएवढी फट सोडा. कागदाचे कपटे घालून गाइड टेकवा, आवळा, कपटे काढा. मागच्या बेअरिंगला अर्ध्या मिमीपेक्षा किंचित कमी फट. मशीन मोकळं चालताना ते बेअरिंग फिरता कामा नये, लाकूड टेकल्यावर फिरावं. हेच सगळं टेबलाखाली. खालचे गाइड दिसत नाहीत म्हणून ते तसेच सोडून देणारे खूप आहेत.

आणि कापताना गाइडचा दांडा लाकडाच्या वर जेमतेम ६ मिमी ठेवा. दांडा खालीवर केल्यावर गाइड ब्लेडला धरूनच राहतात का तेही एकदा तपासा. काही मशीनचा दांडा तिरका उतरतो. मग उंची बदलली की गाइड नव्याने लावावे लागतात.

काटकोन

ताण पुरेसा आहे हे कसं ओळखायचं, ते यात राहिलं. मशीनवरच्या पट्टीवर मी विसंबत नाही. वर्षभरात स्प्रिंग थकते आणि तिचे आकडे निरर्थक होतात. चांगला व्हर्निअर (दोन जबड्यांचं बारीक मापाचं साधन) असेल तर प्लग काढून ब्लेड सैल असतानाच त्याचे दोन्ही जबडे २०० मिमी अंतरावर छोट्या क्लॅम्पने ब्लेडला पक्के करा आणि ताण देत जा. स्टील ताणल्याने लांबतं. २० हजाराच्या ताणाला २०० मिमीमागे साधारण ०.१३ मिमी वाढ दिसली पाहिजे. एकदा हे केलं की पट्टीवरचा तो बिंदू खुणेने रंगवून ठेवा.

वेलबुट्टी

मी व्हर्निअर कधी लावला नाही, कानाने आणि डोळ्याने काम भागतं. गाइड मागे सारून, दारं बंद ठेवून मशीन चालू करायचं आणि समोर उभं न राहता ताण हळूहळू कमी करत जायचं. एका क्षणी ब्लेड फडफडू लागतं. तिथून फडफड थांबेपर्यंत ताण वाढवायचा आणि वर आणखी पाव फेरा. अरुंद ब्लेडला एवढा ताण पुरतो.

ताई म्हणून नाही, पंधरा वर्षं वळणंच कापत आलेली म्हणून सांगते: कोवळी_फांदी, वळणासाठी वेगळं ब्लेड ठेवा. ४ सुती ब्लेडवर खेळणी कापायला जाल तर ब्लेड पिळेल आणि गाइड बिघडतील. मी भिंतीवर एक पाटी लावली आहे, त्यातले आकडे देते. २ सुती (पाव इंच) ब्लेड १६ मिमी त्रिज्येपर्यंत वळतं. ३ सुती साधारण ३७ मिमी. ४ सुती ६४ मिमी. ६ सुतीला १३८ मिमी लागतात. आणि १ सुती ब्लेड ५ मिमी त्रिज्येत फिरतं, पेन्सिलीभोवती फिरावं तसं.

पण म्हणून कायम १ सुतीच लावायचं असं नाही. वळण जितकं परवानगी देईल तितकं रुंद ब्लेड घ्यायचं. अरुंद ब्लेड लहरी असतं, हात जरा डळमळला की त्याची नोंद लाकडावर उमटते. माझं ऐंशी टक्के काम २ सुती, ६ दाती ब्लेडवर होतं.

१ सुती लावायचं झालं तर लोखंडी गाइड आणि बेअरिंग चालत नाहीत. एवढ्या अरुंद पट्टीत दात टाळून धरायला जागाच उरत नाही. तिथे ग्रॅफाइटचे ठोकळे लावतात. मी कठीण लाकडाचे ठोकळे कापून तेलात मुरवून वापरते. झिजले की टोक घासून पुन्हा लावायचे.

आणखी एक. आतल्या कोपऱ्याकडे जाण्याआधी टाकाऊ भागात सरळ चिरा पाडून घ्या, म्हणजे वळणावर पोचेपर्यंत तुकडे आपोआप गळून पडतात आणि ब्लेडला फिरायला जागा मिळते. अडकलात तर मशीन चालू ठेवून लाकूड मागे ओढू नका. ब्लेड चाकावरून पुढे निघून येतं. आधी बंद करा, चाकं थांबू द्या, मग मागे घ्या.

काटकोन

आता फेन्सबद्दल, कारण मूळ तक्रारीतला तो भाग अजून बाकी आहे. ब्लेड फेन्सपासून दूर जातं त्याला ड्रिफ्ट म्हणतात. माझी पद्धत: फळीच्या कडेला समांतर रेघ मारायची, फेन्स काढून हाताने रेघेवर अर्धी फळी कापायची, मशीन बंद करायचं, फळी हलू न देता तिच्या कडेची रेघ टेबलावर पेन्सिलीने काढायची. ब्लेडला ज्या कोनात चालायचंय तो कोन हाच. फेन्स त्याला जुळवून घ्यायचा.

जुना_रंधा

इथे माझं मत वेगळं आहे. मीही अनेक वर्षं असंच करायचो. दर नव्या ब्लेडला कोन वेगळा, फेन्स दर वेळी हलवायचा, आणि तिरक्या फेन्समुळे टेबलातल्या खाचेत चालणारी सरकपट्टी निरुपयोगी व्हायची.

फुगीर चाकाच्या मशीनवर ब्लेड टायरच्या कोणत्या भागावर धावतंय यावर त्याची दिशा ठरते. चाकाचा माथा मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता असतो. ब्लेड पुढे सरकलेलं असेल तर उतारामुळे त्याचं तोंड किंचित वळतं. दातांच्या खाचेचा तळ बरोबर माथ्यावर आणला की ब्लेड बहुतेक वेळा टेबलाच्या खाचेला समांतर चालतं. मी फेन्स टेबलाच्या खाचेला कायम समांतर ठेवतो आणि उरलेला फरक ट्रॅकिंगचा नॉब किंचित फिरवून काढतो. गाइड मात्र त्यानंतर पुन्हा लावायचे.

काटकोन

मान्य, पण दोन अटी घालाव्या लागतील. सपाट चाकांच्या मशीनला हा उपाय लागू नाही. तिथे रुंद ब्लेडचे दात टायरच्या पुढच्या कडेशी ठेवायचे असतात, पुस्तिकेत दिलं असेल तसं. आणि ब्लेडच्या एका बाजूचे दात बोथट असले, कधीतरी खिळ्याला किंवा गाइडला घासले असले, तर ते ब्लेड धारदार बाजूकडेच ओढणार. ते ट्रॅकिंगने सुधारत नाही आणि फेन्सनेही नाही. दोन-तीन अंशांहून जास्त ड्रिफ्ट दिसला की मी ब्लेड बाद करतो.

जुना_रंधा

दोन्ही अटी बरोबर. एका बाजूने बोथट झालेलं ब्लेड ओळखता न आल्याने मी एकदा चाकं एका पातळीत आणायला घेतली होती. वरच्या चाकामागे वॉशर घातले, काढले, पुन्हा घातले, दोन दिवस गेले, आणि ट्रॅकिंग आधीपेक्षा वाईट झालं. ब्लेड बदललं तेव्हा कळलं. चाकं एका पातळीत आहेत का ते तपासायचंच झालं तर पूर्ण ताण दिलेला असतानाच लांब सरळपट्टी लावून बघावं. आणि ब्लेड टायरवर शांत धावत असेल तर चाकांना हात लावू नये.

ओंडका

फळ्यांवाल्यांच्या चर्चेत जरा घुसतो. बागेतल्या छाटलेल्या फांद्या आणि छोटे ओंडके चिरून मी फळ्या काढतो.

टेबल सॉसारखा बँडसॉ लाकूड अंगावर फेकत नाही, कारण ब्लेडचा जोर खाली टेबलाकडे असतो. म्हणून लोक गाफील राहतात. गोल ओंडका थेट टेबलावर ठेवून कापू नका, कधीही. दात गोल पृष्ठभागाला पकडतात, ओंडका पुढे गरकन फिरतो, ब्लेड मुडपतं आणि हात त्याच्यासोबत ओढला जातो. माझ्याकडे प्लायची लांब सरकपाटी आहे, तिला एक उभी बाजू. ओंडका तिच्यावर ठेवून दोन्ही टोकांना टाकाऊ भागात स्क्रूने पक्का करतो, पहिली सपाट बाजू काढतो, ती बाजू खाली टेकवून दुसरी, आणि मगच फेन्स वापरतो.

ओल्या लाकडाला ३ दाती, जरा जास्त सेटचं ब्लेड लागतं. ओला भुसा कापसासारखा चिकटतो, चीर रुंद नसेल तर ब्लेड धरलं जातं. काम झालं की राळ ब्लेडवरून धुऊन पुसायची आणि खालच्या चाकाशी ब्रश लावून ठेवायचा. टायरवर भुशाचा थर बसला की ट्रॅकिंग आपोआप बिघडतं, आणि आपण दोष ब्लेडला देतो.

फळ्या निघाल्या की लगेच टोकांना मेण किंवा रंग फासा. टोकाकडून पाणी फार वेगाने उडतं आणि तिथूनच चिरा जातात. हे विषयाबाहेरचं आहे, पण याच कारणाने माझा एक सुंदर ओंडका फुकट गेला, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नवी_पालवी

धागा जपून ठेवला आहे. माझ्याकडे ९ इंची छोटं मशीन आहे. बायमेटल किंवा कार्बाइडची ब्लेडं घ्यावीत का? ती खूप टिकतात म्हणे.

काटकोन

९ इंचीसाठी साधं कार्बन स्टीलच घ्या. बायमेटलमध्ये दातांच्या टोकाला हायस्पीड स्टील असतं, धार खरोखर खूप टिकते, पण त्याला लागणारा ताण तुमची चौकट देऊ शकणार नाही, आणि लहान चाकावर ते धार जाण्याआधी तडकून जाण्याची शक्यता जास्त. कार्बाइड टोकांचं ब्लेड मोठ्या, ताठ मशीनवर रोज उभं चिरणाऱ्यांसाठी.

४ इंचापर्यंतची फळी तुमच्या मशीनवर ३ सुती, ४ दाती ब्लेडने छान चिरता येईल. घाई फक्त करू नका.

वेलबुट्टी

कार्बनचं ब्लेड टिकवायचे दोन उपाय माझ्याकडून. नवीन ब्लेडचे पहिले काही काप नेहमीच्या निम्म्या वेगाने द्या. दातांची टोकं सुरुवातीला सुईसारखी असतात, जोर दिला तर बारीक कपचे उडतात. दुसरा, ब्लेडच्या पाठीचे कोपरे धारेच्या दगडाने हलकेच गोल करा. मागची कड गोल असली की वळणात ती लाकडाला खात नाही आणि जोडाचा टक-टक आवाजही कमी होतो. पण हे करताना ठिणग्या उडतात. आधी मशीनच्या पोटातला सगळा भुसा काढा आणि भुसा ओढणारा पंखा बंद ठेवा, नाहीतर ठिणगी थेट भुशाच्या पिशवीत जाते. तिथे आग तासाभराने लागते, आपण निघून गेल्यावर.

काम संपल्यावर ताण सोडायची सवय लावा. मशीन नुसतं उभं राहिलं तरी ताणामुळे टायरवर खळगा पडतो. आणि मशीनवर चिठ्ठी अडकवा, "ताण सोडलेला आहे". मी एकदा तसंच चालू केलं होतं, ब्लेड चाकावरून उतरलं आणि टायर फाटला.

कोवळी_फांदी

आठ दिवसांनी लिहितोय. ब्लेड आलं आणि जुना_रंधा यांच्या क्रमाने सगळं लावलं. पूर्ण दुपार गेली. दोन गोष्टी सापडल्या. टेबलाखालचा उजवा गाइड ब्लेडला इतका टेकलेला होता की पट्टीवर निळसर डाग पडला होता. आणि गाइडचा दांडा मी कायम पूर्ण वर ठेवून कापत होतो. ६ मिमीचा नियम मला माहीतच नव्हता.

वेलबुट्टी यांच्या पद्धतीने ताण दिला, मग व्हर्निअर लावून बघितला. ०.०९ आला. आणखी वाढवून ०.१३ वर आणला आणि पट्टीवर लाल खूण केली. त्या ६ सुती ब्लेडच्या वेळी मी स्प्रिंग पूर्ण दाबून ठेवली होती, तिचे वेटोळे एकमेकांना टेकले होते. ती आता बदलायची आहे.

आज सकाळी ६ इंची फळी उभी चिरली. ट्रॅकिंगने दातांची खाच चाकाच्या माथ्यावर आणली होती, फेन्स टेबलाच्या खाचेला समांतर. ढकलावं लागलंच नाही, फळी जणू आपणहून आत जात होती. सहा ठिकाणी जाडी मोजली. सगळ्यात जाड ९.४ मिमी, सगळ्यात पातळ ९.१. दोन्ही अर्ध्या फळ्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी ठेवल्या तेव्हा रेषा एकमेकींचं प्रतिबिंब दिसत होत्या, आणि मी बराच वेळ नुसता बघत बसलो. झाकण याच दोन फळ्यांचं करणार.

एक प्रश्न उरलाच. त्या ६ सुती ब्लेडचं काय करू? एकदाच वापरलंय.

जुना_रंधा

०.३ मिमीचा फरक रंध्याच्या दोन हातांत जाईल. अभिनंदन. त्या फळ्या आजच झाकणाला लावू नका, मधे पट्ट्या घालून दोन-चार दिवस हवेला ठेवा. फळी चिरली की आत दबलेला ताण मोकळा होतो आणि ती थोडी वळते. वळायची ती आधी वळू दे, मग रंधा मारा.

ब्लेडचं म्हणाल तर चष्मा घालून त्याचे पाचसहा इंचांचे तुकडे करा, दात घासून काढा. लाकूड खरवडायच्या पट्ट्या होतात. झाकणाला पॉलिश करण्याआधी त्यातली एक लागेलच.